पाणी कुठवर आलं होतं? शामरावनगरातल्या एका घराचा व्यवहार आणि मधला माणूस

सांगलीत घर बघायला गेलेला माणूस दोन प्रश्न विचारतो. भाव किती? आणि पाणी कुठवर आलं होतं? पहिल्याचं उत्तर एजंटच्या जिभेवर असतं. दुसरा प्रश्न आला की तो कडी काढायला वाकतो आणि आत शिरता शिरता म्हणतो, "रस्त्यापर्यंत येतंय, आत नाय."

मी इथे वकिली करते. रोजचं काम सर्च रिपोर्टचं. तीस वर्षांचे दस्त उपसायचे, फेरफार वाचायचे, कुणाची सही राहिली ते शोधायचं. त्यामुळे एजंट मंडळींशी रोजची गाठ, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या लेखी मी व्यवहार मोडणारी बाई. पुढचं प्रकरण २०२३ च्या दसऱ्याला सुरू झालं आणि २०२४ च्या मार्चअखेरीला संपलं. माणसांची नावं आणि गल्ली मुद्दाम देत नाही.

घर आणि तीन चाव्या

शामरावनगर परिसरातली गुंठेवारीची वसाहत. दीड गुंठ्यावर १९९६ साली बांधलेलं घर. खाली हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर. २००९ मध्ये वर चढवलेल्या दोन खोल्या. शेतजमीन गुंठ्यागुंठ्याने विकली गेलेली, त्यामुळे सातबारावर एकाच गटात भाऊगर्दीने नावं. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच, की बिगरशेती न करता, रेखांकन मंजूर न करता असे प्लॉट पाडले गेले, माणसांनी त्यावर पै-पै साठवून घरं बांधली, आणि शेवटी २००१ साली सरकारने गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा आणला. विकास शुल्क भरा, दाखला घ्या, घर कायदेशीर. ज्यांनी शुल्क भरलं पण दाखला उचललाच नाही असे लोक माझ्याकडे महिन्यातून दोन-चार तरी येतात.

घर विकणारे अण्णा. वय ७१, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त. बायको २०२० मध्ये गेली. मुलगा पिंपरी-चिंचवडला, त्याच्याकडे राहायला जायचं ठरलेलं. थोरली मुलगी इचलकरंजीला दिलेली, धाकटी जतला.

अण्णांनी सगळे करतात तेच केलं. तीन एजंटांना सांगितलं आणि तिघांनाही एकेक चावी दिली. लेखी काही नाही. "जो गिऱ्हाईक आणंल त्याला एक टक्का." यात वरवर शहाणपण दिसतं, तीन माणसं आपल्यासाठी पळतायत असं मालकाला वाटतं. पण ती तिघं एकमेकांच्या पुढे पळत असतात. ज्याचं गिऱ्हाईक आधी विसार देईल त्याला दलाली, बाकी दोघांचं पेट्रोल वाया. अशात जुने फेरफार काढायला, वारस कोण कोण आहेत विचारायला, महापालिकेत जाऊन दाखला बघायला कोण थांबेल? तो आठवडाभर कागद बघत बसला तर तेवढ्यात दुसरा टोकन घेऊन मोकळा.

एजंटला कागद कळत नाहीत असं सर्रास म्हटलं जातं. ज्याने हा व्यवहार जमवला त्याला कागद चांगले कळत होते. एका दस्तलेखनिकाकडे त्याने दहा वर्षं काढली होती, सातबारा तो माझ्याइतकाच भराभर वाचतो. त्याने वाचला नाही, कारण वाचायचे पैसे त्याला कुणी देत नव्हतं. जुळवायचे देत होते.

बोर्डावरचा नंबर

घेणारं जोडपं विश्रामबागेत भाड्याने राहणारं. सर खासगी शाळेत शिक्षक, मॅडम मिरजेत एका रुग्णालयात परिचारिका. विश्रामबागेत त्यांच्या पैशांत जुन्या इमारतीतला वन बीएचके बसत होता. इथे पायाखाली स्वतःची जमीन मिळत होती. अण्णांची मागणी ४८ लाख, बोलणी ४६ वर थांबली. दोन्हीकडून एक-एक टक्का दलाली, हेही तोंडीच.

सर मला नंतर म्हणाले, "त्यांच्या बोर्डावर रेराचा नंबर आहे, म्हणून आम्ही निर्धास्त होतो."

हा गैरसमज इतका पसरला आहे की इथे थोडं थांबते. रेरा म्हणजे बिल्डर आणि एजंट यांच्यावर लक्ष ठेवणारा २०१६ चा कायदा, तो राज्यात राबवणारं महारेरा सुरू झालं २०१७ च्या मे महिन्यात. एजंटला नोंदणी लागते, ती पाच वर्षं चालते, त्याचा नंबर इंग्रजी 'ए' ने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी' ने. २०२४ पासून एजंटला प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. नोंदणी नसताना घरं विकली तर दिवसाला १० हजार दंड, घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. हे सगळं खरं. पण हे सगळं नोंदणीकृत प्रकल्पातल्या विक्रीसाठी आहे. म्हणजे बिल्डरची नवी इमारत, नवं प्लॉटिंग. अण्णांच्या घरासारखं जुनं घर एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं तेव्हा रेरा त्या व्यवहारात कुठेच नसतो. नंबर खरा होता, एजंटने तो कुठल्या तरी स्कीमचे फ्लॅट विकायला घेतला होता. बोर्ड मात्र एकच, त्यामुळे नंबराची सावली सगळ्याच धंद्यावर पडते.

जुन्या घराच्या एजंटला लागू होतो तो १८७२ चा करार कायदा. त्यात एजंटवर बंधनं आहेत. ज्याच्यासाठी काम करतो त्याला हिशोब द्यायचा, अडचण आली तर ती त्याच्या कानावर घालायची, परस्पर स्वतःचा फायदा करायचा नाही. पण तो नेमका कुणासाठी काम करतो? दलाली दोघांकडून, कागद एकाशीही नाही. कोर्टात उभं राहिलं तर पहिला अर्धा तास यातच जाईल.

छातीच्या उंचीवरचे प्लग

दसऱ्याच्या दिवशी मुहूर्त साधून सरांनी ५१ हजार रोख दिले. पावती एजंटच्या अक्षरात, सही एजंटची, "मालकातर्फे". खाली एक ओळ: व्यवहार घेणाऱ्याकडून मोडल्यास विसार परत मिळणार नाही.

त्या दिवशी घर तिसऱ्यांदा बघताना मॅडमनी विचारलं, "खालचे सगळे बोर्ड इतके वर का?" फ्रिजचा प्लग, टीव्हीचा, मिक्सरचा, सगळे छातीच्या उंचीला. मीटरची पेटी तर स्टूल घेतल्याशिवाय दिसणार नाही अशी. एजंट म्हणाला, "नातवंडं लहान होती वहिनी, बोटं घालतात."

मॅडम काही बोलल्या नाहीत. वर गेल्या. वरच्या खोल्यांतले प्लग जमिनीपासून फूटभर उंचीवर, जसे असतात तसे.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून येताना त्या एकट्याच त्या गल्लीत गेल्या आणि शेजारच्या काकूंकडे प्यायला पाणी मागितलं. काकूंनी तांब्या दिला, बस म्हणाल्या, आणि विचारायच्या आधीच सांगून टाकलं. २०१९ ला हितंवर, म्हणून पोटाच्या वर हात धरला. २०२१ ला उंबऱ्याला लागून माघारी गेलं. "आयर्विनला पन्नास म्हटलं की आम्ही गाद्या माडीवर न्यायला लागतोय. तुम्ही घेताय व्हय घर? घ्या की. माणसं चांगली हायत."

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. सांगलीकर हे आकडे पाढ्यासारखे सांगतात, आणि प्रत्येक गल्लीचा स्वतःचा आकडा असतो. या गल्लीचा पन्नास.

मग हे दोघं माझ्याकडे आले. सरांचा प्रश्न एकच: फसवणूक झाली, केस होईल का?

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५. विकणाऱ्याला ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष त्याने घेणाऱ्याला सांगितलाच पाहिजे. पण त्याच वाक्यात पुढे अट आहे, की घेणाऱ्याला साध्या दक्षतेने तो कळण्यासारखा नसावा. आणि सांगलीत पुराचं पाणी! शेजारी तांब्याभर पाणी मागितलं तरी कळतं, हे मॅडमनीच सिद्ध केलं होतं. या कलमावर मी भरवसा ठेवला नसता. मी सरांना सांगितलं, की केस विसरा, तुम्हाला घर पाहिजे का ते ठरवा. सर गप्प राहिले. मॅडम म्हणाल्या, "पाहिजे. पण ह्या भावात नको."

महापालिकेच्या नगररचना विभागातून मी पूररेषेचं बघून घेतलं. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. हे घर निळीच्या बाहेर आणि लालच्या आत. म्हणजे घेता येतं, पण डोळे उघडे ठेवून.

तो ५१ हजारांचा रोख विसारही मी आधी परत करायला लावला आणि चेकने घ्यायला लावला. घर-जमिनीच्या सौद्यात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं २०१५ च्या जूनपासून बंद आहे, आणि जेवढी रक्कम घेतली तेवढाच दंड पैसे घेणाऱ्याला बसू शकतो. अण्णांना हे ऐकून घाम फुटला. एजंट मला म्हणाला, "मॅडम, दसऱ्याला चेक कोण देतंय?"

आईच्या नावावरचं घर

सातबारा काढला आणि खरी भानगड समोर आली. पुराचं पाणी त्यापुढे काहीच नव्हतं. १९९४ चं खरेदीखत अण्णांच्या बायकोच्या नावावर. वारसनोंद झालेलीच नाही. सातबारावर अजून ती जिवंत.

मृत्युपत्र न करता हिंदू स्त्री गेली तर तिच्या मिळकतीचे पहिले वारस नवरा, मुलगे आणि मुली, सगळे सारख्या वाट्याने. म्हणजे चौघं, प्रत्येकी पाव. अण्णा ऐकायला तयार नव्हते. "पगार माझा, सोसायटीचं कर्ज माझ्या पगारातनं फिटलं, तिचं नाव कागदापुरतं." त्यांचं दुःख मला कळत होतं. तीस वर्षं डेपोत उभं राहून घेतलेल्या घरात आपला वाटा चार आणे, हे कुणालाही पचणार नाही. पण नाव तिचं होतं, आणि हा वाद कोर्टात नेण्याइतका वेळ ना त्यांच्याकडे होता ना घेणाऱ्यांकडे.

मुलगा फोनवर म्हणाला, "ताईंचं हक्कसोडपत्र करून घेऊ. दोन दिवसांचं काम." आपल्याकडे हे वाक्य किती सहज निघतं! राखीला साडी घ्यायची आणि त्याच हाताने हक्कसोडाचा कागद पुढे सरकवायचा. थोरली तयार होती. धाकटीचं कुणी बोलेना.

नंतर कळलं की धाकटीला सगळं ठाऊक होतं, दसऱ्याच्या आधीच. एजंटने व्हॉट्सॲप स्टेटसला घराचा फोटो टाकला होता, पुढे तुळशीवृंदावन, वर लाल अक्षरांत "अर्जंट विक्री, क्लिअर टायटल". तो फिरत फिरत जतला पोचला. तिने वडिलांना फोन केला नाही. फोटोवरच्या नंबरला केला. "मी त्या घरची मुलगी बोलतीय. टायटल क्लिअर कसं काय?"

एजंटने काहीतरी बोलून फोन ठेवला आणि ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. अण्णांना नाही, सरांना नाही. त्यानंतर विसार घेतला. पाण्याबद्दल तो जे बोलला ते मी एक वेळ सोडून देईन. तसं बोलणं या धंद्यात इतकं मुरलंय की ऐकणाराही निम्मंच खरं धरतो. पण एका वारसाची हरकत कानावर असताना "क्लिअर टायटल" म्हणून पैसे घेणं, हे मला आजही माफ होत नाही. मी त्याला ऑफिसात बोलावून सरळ विचारलं. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "मॅडम, सांगितलं असतं तर अण्णांनी माझी चावी काढून घेतली असती. बाकीच्या दोघांकडं होतीच."

हे उत्तर चुकीचं होतं, पण खोटं नव्हतं.

जतची फेरी

इथून पुढे त्याने जे केलं ते पाहून त्याच्याबद्दलचं माझं मत दोनदा बदललं.

स्वतःच्या गाडीने, स्वतःच्या खर्चाने, तो मिरज-कवठेमहांकाळ करत जतला गेला. वकील म्हणून मी पत्र पाठवलं असतं तर तिने वकील गाठला असता. भाऊ गेला असता तर भांडण झालं असतं. अण्णा गेले असते तर ती रडली असती आणि सही करून बसली असती, आणि जन्मभर तो सल राहिला असता. मधल्या माणसाचं तसं कुणाशीच नातं नव्हतं. तिने चहा दिला आणि सुनावलं. नंतर तिच्याच तोंडून मी ऐकलं ते असं: "हक्कसोड करणार नाही. माझा वाटा माझ्या खात्यावर पाहिजे. आणि दादाला फोन करायला काय झालं होतं, ते आधी विचारा."

एजंट संध्याकाळी परत आला, अण्णांच्या समोर बसला, मुलाला फोनवर घेतलं. आणि म्हणाला, "ताई सहीला तयार हायत. आईचं घर हाय म्हणून विकणाऱ्यांत नाव पाहिजे म्हणतायत, एवढंच. आणि दादा, तुम्ही एक फोन टाका त्यांना. बास."

वाट्याचा शब्द नाही, खात्याचा नाही. खरेदीखतात लिहून देणारी म्हणून नाव आलं की मोबदल्याचा चेक तिच्या नावाने निघणारच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दोन दिवसांनी मी दस्ताचा मसुदा वाचून दाखवला आणि चेकचा परिच्छेद आला तेव्हा मुलगा चुळबुळला, पण तोवर भाऊ-बहीण फोनवर पाऊण तास बोलून झाले होते. कुणी विरोध केला नाही. मी खोलीत बसून हा माणूस कुठल्या शाळेत शिकला असेल याचा विचार करत होते.

वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे गेला. मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र, नोटिशीचे १५ दिवस, मग फेरफार मंजूर. यात लिहिण्यासारखं काही नाही, वेळ मात्र खूप गेला.

डायरीतला भाव

भाव पुन्हा बोलायची वेळ आली तेव्हा सर म्हणाले ४०, अण्णा म्हणाले ४६ ला एक रुपया कमी नाही. दोघांकडेही आपापल्या आकड्याला आधार नव्हता. रेडीरेकनर, म्हणजे सरकारचं दरपत्रक, विभागाचा दर सांगतो. एका विभागात पाणी येणारी गल्ली आणि न येणारी गल्ली शेजारीशेजारी असतात, त्याला फरक पडत नाही. इंडेक्स-२, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा उतारा, काढला तर कागदावरचा भाव दिसतो, आणि कागदावरचा भाव काय असतो ते सगळ्यांना माहीत आहे.

एजंटने खिशातून रबर लावलेली डायरी काढली. त्या आजूबाजूच्या गल्ल्यांत २०१७ पासून खरोखर काय भावाने घरं गेली, ते तारखेसकट. २०१९ नंतरचं वर्षभर तर पानं जवळजवळ कोरीच. मग हळूहळू व्यवहार पुन्हा सुरू झालेले, पण उंच जोत्याच्या घरांचे एका भावाने आणि बसक्या घरांचे दुसऱ्या. तो अण्णांना घेऊन बाहेर गेला, रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत टेप लावला. अडीच फूट. "शेजारचं दीड फुटावर हाय अण्णा, ते गेलं ह्या भावाला. तुमचं त्याच्यापेक्षा वर जाईल, पर सेहेचाळीसला नाय जात."

असली माहिती कुठल्याही सरकारी संकेतस्थळावर नाही. सांगलीतल्या घरांचा खरा इतिहास अशा डायऱ्यांत आहे, आणि त्या दाखवल्या जात नाहीत. त्या दिवशी दाखवली, कारण व्यवहार मोडायच्या टोकाला आला होता. पहिल्याच दिवशी दाखवली असती तर दोन महिने वाचले असते. पण पहिल्या दिवशी त्याचा फायदा ४६ मध्ये होता.

४३ लाख ५० हजारांवर ठरलं.

मग बँक. मूल्यांकन करणाऱ्याने वरच्या दोन खोल्या धरल्याच नाहीत, त्यांना परवानगी नव्हती. किंमत काढली ४१ लाख. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, आणि तेही सौद्याची किंमत आणि मूल्यांकन यांत जे कमी असेल त्याच्यावर. म्हणजे ३२ लाख ८० हजार. उरलेले १० लाख ७० हजार घरातून, वर मुद्रांक शुल्क वेगळं. एजंटने सवयीने एक खडा टाकून पाहिला, "कागदावर पन्नास दाखवू का?" मूल्यांकन ४१ असताना ५० दाखवून बँक दमडी वाढवत नाही, उलट मुद्रांक शुल्क वाढतं. हे त्यालाही ठाऊक होतं. मी नुसतं बघितलं, तो हसला.

याच माणसाने दोन कामं अशी केली की ज्यांचे पैसे त्याने मागितलेही नाहीत. अण्णांकडे रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत २००४ ची विकास शुल्काची पावती होती, गुंठेवारीचा दाखला नव्हता, आणि दाखल्याशिवाय बँक पुढे सरकत नव्हती. पावतीवरच्या क्रमांकावरून जुन्या नोंदवहीतली नोंद त्याने शोधून काढली आणि नऊ दिवसांत दाखल्याची नक्कल आणली. मला महिना लागला असता. दुसरं, घर फक्त मॅडमच्या नावावर घ्या असं सुचवलं. निवासी घर केवळ बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. महापालिका हद्दीत सहाच्या जागी पाच टक्के, म्हणजे २ लाख ६१ हजारांऐवजी २ लाख १७ हजार ५००. नोंदणी फी ३० हजार, ती कमाल मर्यादा. वाचलेले ४३ हजार ५००, म्हणजे बरोबर त्याच्या एका बाजूच्या दलालीएवढे. सरांना थोडं जड गेलं. मॅडमना अजिबात नाही.

दस्त आणि दलाली

मार्चचा शेवटचा आठवडा. १ एप्रिलला रेडीरेकनर बदलेल या धास्तीने दुय्यम निबंधक कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. चार लिहून देणार, एक लिहून घेणार, फोटो, अंगठे, साक्षीदार. अण्णांचा अंगठा यंत्रावर उठेना. धाकटीने रुमालाने पुसून दाबून धरला. चार चेक, प्रत्येकी १० लाख ८७ हजार ५००. थोरलीने आपला पुढे वडिलांना दिला असं ऐकलं, तो तिचा प्रश्न.

बाहेर आल्यावर झाडाखाली दलालीचा विषय निघाला, आणि सहा महिन्यांत झालं नाही एवढं तिथे वीस मिनिटांत झालं. अण्णा म्हणाले, "माझा भाव पाडलास अडीच लाखानं, आणि वर एक टक्का?" सर म्हणाले, "पाण्याचं लपवलंत, ते माझ्या बायकोला सापडलं. कसली दलाली?" एजंट दोघांकडे बघत होता. दोघांच्याही हिशोबात तो समोरच्याचा माणूस होता. तेवढ्यात चावी असलेला दुसरा एजंट कुठून तरी उगवला. त्याचं म्हणणं, नवरात्राच्या आधी सरांना घर पहिल्यांदा बाहेरून त्याने दाखवलं होतं. आणि ते खरं निघालं.

शेवटी अण्णांनी ४३ हजार ५०० पूर्ण दिले. माझा अंदाज असा, की जतचं त्यांना आठवत होतं, बोलून दाखवलं नाही. सरांनी २५ हजार दिले. त्यातले दहा या एजंटने मुकाट्याने दुसऱ्याच्या हातावर ठेवले. मॅडमनी सगळ्यांकडून चाव्या मागून घेतल्या. तिसऱ्या एजंटची आलीच नाही, म्हणून त्याच संध्याकाळी कुलूप बदललं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी एजंट माझ्याकडे आला. म्हणाला, मालकाशी करायचा एक साधा करार लिहून द्या, मराठीत, एका पानात. मी दिला. तीन महिने घर फक्त याच्याकडे. दलाली किती आणि कुणाकडून. सगळे वारस कोण, कुठे, त्यांना विक्रीचं माहीत आहे का. २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर, फुटात. गुंठेवारी दाखला आहे की नुसती पावती. कुठलं बांधकाम परवानगीविना. खाली मालकाची सही. हे पान घेणाऱ्याला पहिल्याच भेटीत दाखवायचं.

परवा तो सर्चचे कागद द्यायला आला तेव्हा विचारलं, चालतोय का करार? अकरा मालकांपुढे ठेवला म्हणाला. दोघांनी सही केली. एकाने पाण्याच्या रकान्यावर रेघ मारून बाकीची केली. उरलेल्यांनी चावी दुसऱ्याकडे दिली.